कीर्तनकार ख्रिस्तभक्त नारायण वामन टिळक

वारकऱ्यांच्या मासिकात ख्रिस्ती पुरुषाचे चरित्र कशाला, असे कोणी माउली विचारील. विचारावेच. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या बाजूस, ख्रिस्ती घरे पुष्कळ आहेत. शेजाऱ्याचा देव कोणता हे आपल्याला ठाऊक असते. त्या देवाने काय करायला सांगितले, ते मात्र आपण विचारीत नाही. येशूने सगळ्या धर्मशास्त्राचे सार दोन आज्ञांत आणले : देवावर प्रेम करावे, आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखेच करावे. मराठी मुलुखात हे आचरू पाहिले टिळकांनी.

जन्म १८६१, कोकणात करजगावी, चित्पावन कुळात. नाशकास गणेशशास्त्री लेल्यांपाशी संस्कृत शिकले. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन उतारूने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरले ते सोडले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि घर मोडलं! पत्नी लक्ष्मीबाई सासर तुटून नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. काही काळ तर आपल्या पंढरपुरात. नवरा जिवंत, आणि बाई पोरक्या. हे दुःख टिळकांनीच आणले, ते झाकण्यात अर्थ नाही. स्वभावही तापट, लहरी. पण त्यांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही आणि नातेही सोडले नाही. पुढे बाई नगरास आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी ते चालू दिले. वाद घालून शास्त्रार्थ जिंकणारा हा पंडित घरात गप्प राहिला, हे मला फार मोठे वाटते. मग जातिभेद माणसानेच केला, हे बाईंचे त्यांनाच उमगले. १९०० साली त्यांनी आपखुशीने बाप्तिस्मा घेतला.

१९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ठोमरे नावाचा पोरगा भेटला. तेच आपल्या खानदेशचे बालकवी. टिळकांनी त्यांना नगरच्या घरी पोटच्या पोरासारखे ठेवले. ठोमरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. माया काही कमी झाली नाही.

तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक मानीत. देवळात वाढलेली कीर्तन, भजन, अभंग ही आपली वाट त्यांनी चर्चमध्ये नेली. ख्रिस्ताला ते माउली म्हणत, गुरू म्हणत. मिशनची चाकरी १९१७ साली सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही त्यात जागा होती. हे पुष्कळ ख्रिस्ती मंडळींना रुचले नाही. आपल्याकडेही फडाफडांत कसं चालतं, ते वारकऱ्याला निराळं सांगायला नको.

९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरास नेल्या. येशूच्या चरित्राचे 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य अर्धेच राहिले होते. पहिले दहाएक अध्याय त्यांचे. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले लक्ष्मीबाईंनी, ज्यांनी एके काळी त्यांच्या घरात आपले पाणी वेगळे ठेवले होते.