चार्ली चॅप्लिन : यंत्राचा मालक कोण?

ढगळ पँट, फाटके बूट, हातात काठी. चार्ली चॅप्लिन म्हटले की एवढेच आठवते आणि आपण हसतो. पण हा हसवणारा माणूस कोणत्या घरातून आला आणि त्याने आपले म्हणणे कुणाच्या जोरावर मांडले, हे चळवळीच्या वाचकाने समजून घेतले पाहिजे.

१६ एप्रिल १८८९ चा त्याचा जन्म, लंडनचा. आई-वडील दोघेही रंगमंचावर गाणारे. वडील दारूपायी १९०१ मध्ये गेले. आईच्या मनावर परिणाम झाला, तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. त्याआधीच, वयाच्या सातव्या वर्षी, चार्लीची रवानगी कंगालांच्या सरकारी आश्रयगृहात झाली होती. शिक्षण तुटपुंजे. दहाव्या वर्षापासून नाचून पोट भरणे सुरू.

नाटक मंडळीबरोबर तो अमेरिकेला गेला. १९१४ मध्ये आठवड्याला १५० डॉलरवर सिनेमात लागला आणि १९१६ मध्ये आठवड्याला १०,००० डॉलर घेऊ लागला. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. चार्ली थांबला नाही. पगार कितीही मोठा असला तरी पगारदाराला मालकाचेच ऐकावे लागते, हे त्याने ओळखले. १९१८ मध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ उभारला. १९१९ मध्ये तिघा सहकाऱ्यांसह ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही वितरण संस्था काढली. कथा, दिग्दर्शन, अभिनय, संकलन सारे त्याचेच. संगीताची लिपी त्याला लिहिता येत नव्हती. तो चाल गुणगुणायचा आणि जाणकार ती कागदावर उतरवायचे. ‘सिटी लाइट्स’पासून आपल्या चित्रपटांना त्याने असेच संगीत दिले.

त्याच सुमारास, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. क्षेत्रे वेगळी, दुःखेही वेगळी. पैसा आला आणि चार्लीची गरिबी गेली. जात मात्र पैशाने जात नाही. पण आपला आवाज आपल्या साधनातूनच उमटला पाहिजे, हे दोघांनाही कळले होते.

सप्टेंबर १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब आणि गांधीजी लंडनला होते. २२ सप्टेंबरला चार्ली गांधीजींना भेटला. यंत्रांना आपला विरोध का, असे त्याने विचारले. यंत्र माणसाच्या भल्यासाठी वापरले तर त्याची गुलामी संपेल, कामाचे तास कमी होतील, असे त्याचे म्हणणे होते. गांधीजींनी यंत्रामुळे आलेल्या परावलंबनाचे कारण सांगून चरख्याची बाजू मांडली. पुढे १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात बाबासाहेबांनी हाच प्रश्न घेतला. दोष यंत्राचा नाही, खासगी मालकीला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा निष्कर्ष. आश्रयगृहातले पोर आणि महूच्या सुभेदाराचा मुलगा एकाच उत्तराशी पोहोचले. चरख्याचे कौतुक करणे ज्यांना परवडते, त्यांना ते सुचले नाही.

१९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये मालक कामगाराला जेवायलाही वेळ देत नाही, त्यासाठी घास भरवणारे यंत्र आणतो. आपण हसतो, पण तिथे यंत्र नव्हे, मालकाची हाव उघडी पडते. १९४० च्या ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये त्याने हुकूमशहा आणि ज्यू न्हावी अशा दोन्ही भूमिका करून हिटलरची खिल्ली उडवली. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. पैसा स्वतःचा होता, म्हणून हे जमले.

किंमतही मोजावी लागली. कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो बोटीवर असतानाच अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. स्वित्झर्लंडमध्ये उरलेले आयुष्य गेले. त्याच अमेरिकेने १९७२ मध्ये त्याला बोलावून मानद ऑस्कर दिले.

त्याचे सारेच वंदनीय नव्हते. पस्तिशीत त्याने सोळा वर्षांच्या मुलीशी लग्न केले आणि तिला सुख दिले नाही. बाबासाहेबांनी विभूतिपूजा नाकारायला शिकवले आहे. तो नियम इथेही लागू.

२५ डिसेंबर १९७७ रोजी तो गेला. महाडच्या मनुस्मृती दहनाला त्या दिवशी ५० वर्षे झाली होती. हा निव्वळ योगायोग. पण धडा योगायोगाचा नाही. आज आपल्या मुलांच्या हातात कॅमेरा आहे, मोबाइल आहे. गायक आहेत, शाहीर आहेत, कलावंत आहेत. पण साधन कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपण विचारतो का? दुसऱ्याच्या मंचावर टाळ्या मिळतात. आपले म्हणणे मांडायला आपलाच मंच लागतो.