विश्लेषण : ढगांखालचा समुद्र वाचणाऱ्या उपग्रहाला भास्कराचार्यांचे नाव का?

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या चाळीसगाववरून पुढे जातात. तिथून जवळच, डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीचे म्हणून अनेकांना माहीत असलेले. ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत संघातून सोडलेल्या भारताच्या ‘भास्कर-१’ उपग्रहाच्या नावाचा एक धागा या गावापर्यंत पोहोचतो.

भास्कराचार्य कोण होते?

जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ हे चार भाग असलेला ‘सिद्धान्तशिरोमणी’ त्यांनी वयाच्या ३६व्या वर्षी लिहिला. ‘करणकुतूहल’ लिहिले तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. ‘गोलाध्याया’त यंत्रांवर एक प्रकरण आहे. अनेक यंत्रे समजावल्यावर ते बुद्धीलाच सर्वांत मोठे यंत्र ठरवतात. हातातल्या साध्या काठीवरून नजर लावून दूरच्या बांबूचे अंतर आणि उंची कशी काढायची, हे दाखवतात. बांबूजवळ जायची गरज नाही!

लग्नाचा मुहूर्त हुकलेल्या लीलावती या मुलीची गोष्ट मात्र त्यांनी लिहिलेली नाही. ती फैजीच्या १५८७च्या फारसी भाषांतरातून पसरली. व्हॉट्सॲपवर ती आजही इतिहास म्हणून फिरते.

मग खरा पुरावा कुठे?

पाटणच्या दगडावर. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेले. नातू चांगदेव सिंघणाचे राजज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी पाटणला मठ स्थापला. १२०७च्या शिलालेखात ही वंशावळ आहे. मठाला कोणी काय द्यायचे, हा व्यवहाराचा मजकूर चक्क मराठीत आहे. हा लेख उजेडात आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांनी स्वतः आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असे सांगितले आहे. ते म्हणजेच पाटण का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

उपग्रहाशी संबंध काय?

पहिला भारतीय उपग्रह ‘आर्यभट’. पुढच्याला दोन भास्करांच्या स्मरणार्थ नाव मिळाले: बाराव्या शतकातले हे आणि आर्यभटांवर भाष्य करणारे सातव्या शतकातले.

‘भास्कर-१’वर ‘समीर’ नावाचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होता. तो रडारसारख्या लहरी सोडत नसे, फक्त पृथ्वीकडून येणाऱ्या क्षीण मायक्रोवेव्ह लहरी टिपत असे. त्यांची तीव्रता तापमानाच्या भाषेत मांडतात, तेच ‘ब्राइटनेस टेम्परेचर’. गोंधळ इथेच होतो. हे थर्मामीटरचे तापमान नव्हे. २७ अंश सेल्सिअसचा समुद्र म्हणजे सुमारे ३०० केल्विन. पण पाणी या लहरी कमी उत्सर्जित करते, त्यामुळे कोरड्या हवेत आकडा २०० केल्विनच्याही खाली येतो. या ‘थंड’ पार्श्वभूमीवर वर बाष्प किंवा पाऊस असला की आकडा चढतो. ‘समीर’ १९ आणि २२ गिगाहर्ट्झच्या आसपास मोजत असे. यातली २२ची वारंवारिता बाष्पाला जास्त संवेदनशील. दोन्ही आकडे एकत्र सोडवले की बाष्प किती आणि पाण्याचे थेंब किती, याचा अंदाज निघतो. साध्या कॅमेऱ्याला ढग आडवे येतात. या लहरी त्यातून बऱ्याच अंशी पार होतात, म्हणून पावसाळ्यात त्यांचे मोल अधिक.

२० नोव्हेंबर १९८१ रोजी ‘भास्कर-२’ गेला. त्यावरच्या ‘समीर’ला ३१ गिगाहर्ट्झची तिसरी वारंवारिता मिळाली होती.