व्हेरोनाचा कानग्रांदे

इटलीच्या उत्तर भागात आदिजे नदीच्या काठी व्हेरोना हे प्राचीन नगर वसलेले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तेथे स्काला घराण्याची सत्ता होती. याच घराण्यात १२९१ साली कानग्रांदेचा जन्म झाला.

त्या काळी इटली हे एकसंध राष्ट्र नव्हते. प्रत्येक मोठे नगर म्हणजे एक स्वतंत्र राज्यच असे. काही नगरे पोपचा पक्ष घेत, तर काही जर्मन सम्राटाचा. आणि त्यांच्यांत वारंवार युद्धे होत. स्काला घराणे सम्राटाच्या पक्षाचे होते.

थोरला भाऊ आल्बोइनो १३११ साली मरण पावला आणि वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी साऱ्या राज्याचा भार एकट्या कानग्रांदेवर येऊन पडला. त्याच वर्षी त्याने विचेन्झा हे नगर पादुआच्या ताब्यातून घेतले. पादुआकरांना हे कसे सहन व्हावे? १३१४ साली त्यांची मोठी फौज विचेन्झावर चालून आली. ही वार्ता कळताच कानग्रांदे घोड्यावर स्वार झाला आणि मोजक्या सैनिकांसह दौडत तेथे पोहोचला. शत्रूचे सैनिक लुटालुटीत गुंग होते. अचानक झालेल्या हल्ल्याने त्यांची दाणादाण उडाली. कैद झालेल्यांत पादुआचा विद्वान कवी मुसातो हाही जखमी अवस्थेत सापडला. तो शत्रू असूनही कानग्रांदेने त्याला सन्मानाने वागविले.

यश मात्र त्याला नेहमीच लाभले नाही. १३२० साली पादुआच्या वेढ्यात त्याचा पराभव झाला आणि त्याला रणांगणातून पळ काढावा लागला. तरीही त्याने धीर सोडला नाही. अखेर १३२८ साली पादुआ त्याच्या हाती आले. परंतु ते तलवारीने नव्हे, तर तेथील प्रमुख सरदाराशी केलेल्या तहाने! पुढच्याच वर्षी त्रेविझोही शरण आले. त्या नगरात प्रवेश केल्यावर चारच दिवसांनी, २२ जुलै १३२९ रोजी, अडतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. २००४ साली त्याची शवपेटी उघडण्यात आली, तेव्हा त्याच्या देहात डिजिटॅलिस या विषारी वनस्पतीचा अंश आढळला. त्यावरून त्याच्यावर विषप्रयोग झाला असावा, असे संशोधकांना वाटते.

कानग्रांदेच्या मागून त्याचे पुतणे गादीवर आले. दहा वर्षांच्या आतच पादुआ व त्रेविझो ही दोन्ही नगरे त्यांच्या हातून गेली. इतक्या वर्षांच्या पराक्रमाने मिळविलेले वैभव असे अल्पकाळात ओसरले.

कानग्रांदेचे एक कार्य मात्र टिकून राहिले. फ्लॉरेन्सचा महाकवी दांते याला त्याच्या नगराने १३०२ साली हद्दपार केले होते. हाती सापडल्यास त्याला जिवंत जाळण्याची शिक्षा फर्मावली होती. अशा निराधार कवीला कानग्रांदेने आपल्या दरबारात मानाने आश्रय दिला. दांतेने आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यात त्याच्या औदार्याचा गौरव केला आहे. जिंकलेली नगरे गेली. परंतु संकटातल्या एका कवीला दिलेल्या आधारामुळे कानग्रांदेचे नाव सातशे वर्षांनंतरही जगभर आदराने घेतले जाते.