बावीस श्रुती ऐकवणारी वीणा घडवणारे आचार्य डॉ. लालमणी मिश्र

वाराणसी, १६ जुलै : भारतीय संगीतात एका सप्तकात बावीस श्रुती मानल्या जातात, हे संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीच्या वर्षांतच शिकवले जाते. परीक्षेत त्यांची नावेही विचारली जातात. मात्र या बावीस श्रुती एकाच वाद्यावर ओळीने ऐकण्याची संधी फार थोड्यांना मिळते. ही उणीव दूर करण्यासाठी बनारस हिंदू विद्यापीठातील वीणावादक आणि संशोधक डॉ. लालमणी मिश्र यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी एक स्वतंत्र वाद्य सिद्ध केले. ‘श्रुतिवीणा’ या नावाने ते ओळखले जाते. उद्या, १७ जुलै रोजी त्यांचा स्मृतिदिन आहे.

लालमणी मिश्र यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२४ रोजी कानपूर येथे झाला. आईला संगीत शिकवण्यासाठी घरी गुरुजी येत असत. शेजारी बसून ऐकणाऱ्या बालकाने ते धडे आपसूक आत्मसात केले आणि पुढे तोही रीतसर शिष्य झाला. कुटुंबाच्या कोलकात्यातील वास्तव्यात त्यांनी शंकर भट्ट आणि मुन्शी भृगुनाथ लाल यांच्याकडे ध्रुपद-धमाराचे, मेहंदी हुसेन खाँ यांच्याकडे ख्यालाचे आणि शुकदेव राय यांच्याकडे सतारीचे शिक्षण घेतले. गायन, तंतुवाद्य आणि ताल अशा तिन्ही अंगांची ही तयारी पुढे संशोधनात त्यांच्या उपयोगी पडली.

त्यांच्या आयुष्याला दिशा देणारे वाद्य म्हणजे विचित्र वीणा. पतियाळा दरबाराचे उस्ताद अब्दुल अजीज खाँ यांच्याकडून त्यांनी तिची तालीम घेतली. या वीणेच्या रुंद, पोकळ दांडीखाली दोन मोठे भोपळे असतात. मुख्य तारांखेरीज चिकारीच्या आणि तरफेच्या तारा असतात, परंतु पडदा एकही नसतो. उजव्या हाताच्या बोटांतील नख्यांनी तार छेडायची आणि डाव्या हातातील काचेचा गुळगुळीत बट्टा तारेवरून सरकवत स्वर काढायचा, अशी तिची वादनपद्धती आहे. पडदा नसल्याने स्वराची नेमकी जागा वादकाच्या कानालाच शोधावी लागते. द्रुत लयीत हे अतिशय कठीण असते, त्यामुळे या वाद्याकडे वळणारे नेहमीच मोजके राहिले.

कानपूरला परतल्यावर मिश्र यांनी मुलांना सामूहिक पद्धतीने संगीत शिकवण्याचे काम हाती घेतले आणि संगीतशिक्षणाच्या संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते नर्तक उदयशंकर यांच्या पथकाचे संगीत दिग्दर्शक होते. या पथकासोबत त्यांनी युरोप आणि अमेरिकेचा दौरा केला. त्याच दशकाच्या अखेरीस ते वाराणसीत आले आणि अखेरपर्यंत इथलेच झाले.

बनारस हिंदू विद्यापीठातील संगीत महाविद्यालयाशी मराठी मुलखाचे नाते जुने आहे. १९५० मध्ये त्याची उभारणी करणारे पंडित ओंकारनाथ ठाकूर हे कुरुंदवाडच्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य होते. पलुस्करांचेच दुसरे शिष्य, मिरजेचे प्रा. बी. आर. देवधर यांनीही या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवले. अशा वातावरणात मिश्र यांनी वाद्यविभागाची धुरा सांभाळली आणि पुढे ते संगीत विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले.

श्रुतींचा प्रश्न मात्र त्यांच्या कितीतरी आधीचा आहे. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त श्रुती मोजण्याचा एक प्रयोग वर्णिला आहे. दोन वीणा अगदी सारख्या जुळवून घ्यायच्या. एक तशीच ठेवायची, तिला पुढील काळात ध्रुववीणा म्हटले गेले. दुसरी, म्हणजे चलवीणा, चार टप्प्यांत एकेका श्रुतीने उतरवत न्यायची. पहिल्या टप्प्यावर तिचा एकही स्वर ध्रुववीणेशी जुळत नाही. दुसऱ्या टप्प्यावर गंधार आणि निषाद हे ध्रुववीणेच्या ऋषभ आणि धैवताला मिळतात, म्हणजे ते प्रत्येकी दोन श्रुतींचे ठरतात. तिसऱ्या टप्प्यावर ऋषभ आणि धैवत आपल्या खालच्या स्वरांना मिळतात. ते तीन श्रुतींचे. चौथ्या टप्प्यावर षड्ज, मध्यम आणि पंचम मिळतात. ते चार श्रुतींचे. चार, सहा आणि बारा मिळून बेरीज बावीस होते.

हिशेब चोख असला तरी एक श्रुती म्हणजे नेमके किती अंतर, हे ग्रंथात मोजमापाने दिलेले नाही. श्रुती सारख्या अंतराच्या की कमी-जास्त, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी एकतारी यंत्रावर तारेची लांबी मोजून श्रुतींची गणिती प्रमाणे मांडली. या कामी त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. ब्रिटिश सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या सहकार्याने श्रुतींची खास हार्मोनियमही तयार झाली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत ती सादर झाली, पण तिच्यावर एकमत होऊ शकले नाही.

वादाचे कारण केवळ पांडित्याचे नव्हते. श्रुतींतील काही अंतरे इतकी सूक्ष्म आहेत की ती सामान्य वाद्यावर हाताळणेच अवघड जाते. आधुनिक मांडणीतील सर्वांत लहान अंतर ८१ : ८० या प्रमाणाचे मानतात. ९० सेंटिमीटर लांबीच्या तारेवर, खालच्या षड्जाजवळ, हे अंतर जेमतेम ११ मिलिमीटर भरते. वरच्या षड्जाकडे जाताना ते निम्म्यावर येते.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला वाद्यनिर्मिती उलट दिशेने निघाली होती. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली आणि तिच्या नावातच अचूकतेचा उल्लेख केला. उभ्या डबल बेसवर वादकाला स्वराची जागा स्वतः शोधावी लागे. इथे पडद्यांनी ती आधीच ठरवून दिली. आजही घरच्या घरी अशी गिटार बनवणारा हौशी कारागीर तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागून पहिला पडदा ठोकतो. सुमारे ८६ सेंटिमीटरच्या तारेवर तो ४८.५ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागत गेले की सप्तकाचे बारा समान भाग पडतात. त्यात सोय आहे, परंतु बारा जागांच्या मधले स्वर त्या पडद्यांवर सापडत नाहीत.

मिश्र यांना नेमके तेच स्वर हवे होते. ग्रंथातील वाक्याचा अर्थ केवळ चर्चेने लागणार नाही, तो तारेवर वाजवून पाहावा लागेल, ही त्यांची भूमिका होती. सतारीवर पडदा सरकवला की जुनी श्रुती जाते आणि नवी येते. दोन्ही शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. श्रुतिवीणेवर बावीसही श्रुती एकाच वेळी उपलब्ध झाल्या. त्यामुळे कोणती श्रुती कोणत्या स्वराची, दोन रागांतील कोमल ऋषभात किती फरक आहे, यांसारखे प्रश्न विद्यार्थ्यांना स्वतःच्या कानांनी पडताळून पाहणे शक्य झाले. मैफलीत गाजावे यासाठी हे वाद्य नव्हते. प्रयोगशाळेतील उपकरणासारखे त्याचे काम होते.

हीच दृष्टी त्यांच्या लेखनातही आढळते. भारतीय ज्ञानपीठाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘भारतीय संगीत वाद्य’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ वाद्यांच्या अभ्यासकांना आजही हाताशी लागतो. तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चारही प्रकारांतील वाद्यांची घडण आणि इतिहास त्यांनी त्यात तपासला. सतारीचा उगम त्यांनी प्राचीन त्रितंत्री वीणेपर्यंत नेला. सतारीचे मूळ इराणी सेतारात पाहणाऱ्या अभ्यासकांना हे मत मान्य नाही आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही. तंत्रीवादनाचा विचार मांडणारा ‘तंत्रीनाद’ हाही त्यांचा महत्त्वाचा ग्रंथ होय.

संशोधनासोबत रचनाकार म्हणूनही त्यांचे काम मोठे आहे. तंतुवाद्यांसाठी त्यांनी बांधलेल्या गती आणि बोलांची नवी मांडणी ‘मिश्रबानी’ या नावाने रूढ झाली. मधुकली, सामेश्वरी, श्याम बिहाग हे राग त्यांनी रचले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी अभ्यागत प्राध्यापक म्हणून अध्यापन केले.

१७ जुलै १९७९ रोजी, वयाच्या अवघ्या ५४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र डॉ. गोपाल शंकर मिश्र यांनी विचित्र वीणेचा वारसा देशविदेशातील मैफलींत पुढे नेला, मात्र १९९९ मध्ये तेही अकाली गेले. कन्या डॉ. रागिनी त्रिवेदी यांनी सतार, विचित्र वीणा आणि मिश्रबानीचे काम सुरू ठेवले.

सतार आणि तानपुऱ्याच्या बाबतीत अशी चिंता कमी आहे. मंगळवेढ्याच्या भोपळ्यांपासून ही वाद्ये घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या टिकली असून तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. विचित्र वीणेला इतका मोठा कारागीरवर्ग आणि वादकवर्ग लाभला नाही. श्रुतिवीणा तर एका अध्यापकाच्या जिज्ञासेतून जन्मलेली. स्वर मोजणारी उपकरणे आज मोबाइलमध्ये आली आहेत आणि पडद्यावरील आकडे कोणालाही वाचता येतात. त्या आकड्यांमागचा स्वर कानाने ओळखण्याचे शिक्षण विद्यार्थ्याला मिळावे, यासाठी मिश्र यांनी ही वीणा जुळवली होती. संगीताच्या वर्गांत श्रुतींची केवळ नावे पाठ करून घेतली जात असेपर्यंत तिची गरज संपलेली नाही.