राजीनामे देणारा कुलगुरू

खुर्ची मिळवण्यासाठी माणसे काय काय करतात, हे आपण नेहमीच पाहतो. खुर्ची सोडण्याची तयारी ठेवून तिच्यावर बसणारी माणसे मात्र विरळा. चीनचे शिक्षणमहर्षी त्साई युआन-पेई हे त्यांपैकी एक. त्यांचे चरित्र वाचताना मला वाटत राहिले, की त्यांची कारकीर्द पदांपेक्षा राजीनाम्यांवरूनच अधिक कळते.

११ जानेवारी १८६८ रोजी शाओशिंग येथे त्यांचा जन्म झाला. त्या काळी कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरील परीक्षा हाच सरकारी नोकरीचा राजमार्ग होता. त्यातील सर्वोच्च पदवी मिळवून १८९२ मध्ये ते बादशाही हानलिन अकादमीत दाखल झाले. परंतु १८९८ मध्ये सुधारणांची चळवळ चिरडली गेली, तेव्हा त्यांनी राजधानीकडे पाठ फिरवली आणि गावी जाऊन शाळा चालवायला घेतली. पुढे १९०७ मध्ये, चाळिशीला टेकलेला हा पंडित जर्मनीस गेला आणि लाइप्झिग विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर बसला!

१९११ च्या क्रांतीने राजेशाही गेली. १९१२ मध्ये सुन यत्-सेन यांच्या सरकारात त्साई पहिले शिक्षणमंत्री झाले. प्राथमिक शाळांतून जुन्या ग्रंथांची सक्ती त्यांनी काढून टाकली व तेथे मुलामुलींना एकत्र शिकण्याची मुभा दिली. पण नवे अध्यक्ष युआन शिह-काई सारी सत्ता आपल्या मुठीत आणू लागताच, काही महिन्यांतच त्यांनी मंत्रिपद सोडले.

त्यांचे खरे कार्य जानेवारी १९१७ पासूनचे. पेकिंग विद्यापीठात तेव्हा अधिकाऱ्यांची मुले अधिकारी होण्यासाठीच येत. विद्यापीठ हे ज्ञानाचे स्थान आहे, नोकरीची शिडी नव्हे, हे नव्या कुलगुरूंनी पहिल्याच भाषणात त्यांना बजावले. त्यांनी जहाल विचारांचे चेन तू-शिऊ यांना बोलावले, लोकभाषेत लिहावे म्हणणारे तरुण हू शिह यांना बोलावले; आणि राजेशाहीचे अभिमानी, डोक्यावर शेंडी राखणारे कू हुंग-मिंग यांनाही वर्गात शिकवू दिले. विद्वत्ता असेल तर मताची आडकाठी नाही, हा त्यांचा नियम. १९२० मध्ये त्यांनी मुलींनाही प्रवेश दिला.

४ मे १९१९ रोजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. व्हर्साय येथे शांतुंगमधील जर्मनीचे हक्क जपानला देण्याचे ठरले होते, त्याचा हा संताप होता. ३२ जणांना अटक झाली. वर्ग सोडून चळवळीत पडणे त्साईंना रुचत नव्हते. तरीही त्यांनी विद्यार्थ्यांच्या सुटकेसाठी धडपड केली. ते सुटून आले, आणि मग त्यांनी राजीनामा देऊन शहर सोडले. विद्यार्थी व प्राध्यापक यांच्या आग्रहाखातर सप्टेंबरात ते परत आले.

राजीनामा म्हणजे पळवाट नव्हे काय, असा प्रश्न मलाही पडला. पण त्यांच्या हाती सैन्य नव्हते, पक्ष नव्हता. सरकारला नको असलेली गोष्ट जगाला दिसेल अशी करण्याचे तेवढेच एक साधन त्यांच्यापाशी होते.

या थोर जीवनावर एक डागही आहे. १९२७ मध्ये कोमिंतांग पक्षाने कम्युनिस्टांचे निर्दालन आरंभले, तेव्हा सर्व मतांना आसरा देणाऱ्या या माणसाने त्याला संमती दिली. खूप रक्त सांडले. १९३२ मध्ये मात्र राजबंद्यांच्या बचावासाठी सुंग चिंग-लिंग यांच्याबरोबर नागरी हक्कांची संघटना उभारण्यात ते पुढे होते; पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी यांग शिंग-फो यांचा भर रस्त्यात खून झाला. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन अकादमीचे अध्यक्षपद मात्र अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिले.

५ मार्च १९४० रोजी, जपानी आक्रमणामुळे परागंदा झालेल्या अवस्थेत, हाँगकाँगमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याला न पटणाऱ्या माणसाला आपल्याच छपराखाली जागा देणे, हे मला त्यांच्या साऱ्या पदव्यांपेक्षा मोठे वाटते. ते किती कठीण असते, हे १९२७ मध्ये खुद्द त्यांनाही पेलले नाही यावरून कळते. आपण महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी त्यांच्याकडून निदान एवढे तरी घ्यावे.