आनंदीबाई जोशी आणि रोसेलचे घर

डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे नाव ज्यास ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळा. परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्रियांपैकी होत. त्यांच्या विद्येविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही त्यांच्या चरित्रातील एका लहानशा भागाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. अठरा वर्षांची ही मुलगी परक्या देशी एकटी उतरली, तेव्हा तिला कोणी व कसे पदरी घेतले, हा तो भाग होय.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथील एका ब्राह्मण कुटुंबात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्टखात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी त्यांस मुलगा झाला, परंतु योग्य उपचारांच्या अभावी तो दहा दिवसांतच गेला. आपल्या देशातील स्त्रियांसाठी स्त्री वैद्य असावी, हा निश्चय त्या दुःखातून उपजला.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांस पत्र लिहून साह्य मागितले. वाइल्डरसाहेबांनी ते पत्र आपल्या मिशनरी मासिकात छापले. पण साह्य हवे असल्यास या दांपत्याने ख्रिस्ती व्हावे असेही सुचविले. ती अट त्या उभयतांस मान्य झाली नाही. गोष्ट तेथेच संपावयाची. पण तशी ती संपली नाही. न्यू जर्सी संस्थानातील रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तेथे पडलेले ते मासिक त्यांनी सहज उचलले, पत्र वाचले, आणि त्यांचे मन हेलावले. त्यांनी आनंदीबाईंस पत्र पाठविले. कोणतीही अट घातली नाही. आमच्या घरी या, एवढेच सांगितले.

पुढे सुमारे तीन वर्षे दोघींचा पत्रव्यवहार चालला. एकमेकींचे तोंड पाहिलेले नसताही आनंदीबाई कार्पेंटरबाईंस मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंची प्रकृती नाजूक असे. डोकेदुखी व ताप यांनी त्या वारंवार हैराण होत. हे कळताच मावशीने अमेरिकेहून औषधे पाठविली. पाहा वाचकहो, भेटीच्या आधीच नाते जडले होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी भरसभेत आपल्या जाण्याची कारणे सांगितली. आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी तेथे स्पष्ट केले. प्रवासखर्चासाठी त्यांनी हातातील सोन्याच्या बांगड्या विकल्या. पती मागे राहिले. काही मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्या ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्क बंदरास लागल्या.

धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांस नेण्यास स्वतः आल्या होत्या. तेथून त्या रोसेलच्या घरी गेल्या व शरद ऋतूत कॉलेज सुरू होईपर्यंत तेथेच राहिल्या. सभोवती मराठीचा एक शब्द कानी पडावयाचा नाही. वेश निराळा, अन्न निराळे, हवा निराळी. आनंदीबाईंनी लुगडे सोडले नाही. पुढे थंडीपासून अंग झाकावे म्हणून नेसण्याची पद्धत मात्र बदलून ती गुजराती धर्तीची केली. मांसाहार त्यांस वर्ज्य होता, तोही नियम त्यांनी पाळला. यजमानांनी त्यांच्या ताटात काय असावे याविषयी हट्ट धरला नाही. उलट, त्यांनी आपल्याकडील पदार्थ रांधून घरच्यांस खाऊ घातले, तेव्हा ते सर्वांनी आनंदाने खाल्ले. अशा रीतीने परकी पाहुणी त्या घरची लेक झाली.

पुढे फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजात त्यांचा प्रवेश झाला. तेथे मुक्कामाच्या खोलीत थंडी असह्य व शेगडी धुराची, यामुळे त्यांची प्रकृती खालावत गेली. तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. मावशीचा आधारही सुटला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या इस्पितळातील स्त्रियांचा विभाग आनंदीबाईंस देऊ केला. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. स्वदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रुग्णांची सेवा करण्याची आशा मनातच राहिली.

त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांनी ती ठेविली व वर शिळा उभारली. ज्या घराने तिला जिवंतपणी लेक मानले, त्याने मरणानंतरही तिला आपल्याच माणसांत जागा दिली.

आनंदीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि हे लपविण्याचे आम्हांस कारण नाही. एका मिशनरी मासिकाच्या एकाच पानावर एका हाताने अट घातली. ते पान वाचून दुसऱ्या हाताने दार उघडले. यांपैकी कोणत्या हाताने परक्याचे आतिथ्य करण्याची प्रभूची आज्ञा अधिक पाळली, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. आपल्या गावीही शिक्षणासाठी परगावचे एखादे लेकरू येते. त्याची बोली निराळी असते, जेवण निराळे असते, रात्री त्यास घरची आठवण येते. त्याची जात व मत विचारण्यापूर्वी तो जेवला की नाही, हे आपण विचारतो काय? रोसेलच्या त्या बाई कोणी पुढारी नव्हत्या. त्यांनी एक पत्र लिहिले, आणि आपल्या घरात एक जागा केली. एवढे तर आपल्यापैकी गरिबातल्या गरीब कुटुंबासही करता येईल.