डी व्हॅलेरा : गणिताचे मास्तर आणि मतांची मोजणी



तुमच्यापैकी ज्यांनी विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात मतदान केले आहे, त्यांना ती मतपत्रिका नक्की आठवत असेल. बटण नाही, शिक्का नाही. केंद्रावर दिलेल्या पेनाने उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. मग निकालाच्या दिवशी पहिल्या पसंतीची मते, कोटा, बाद फेरी असे शब्द कानावर पडतात आणि मोजणी तासन्‌तास चालते. घरी मुलाने विचारले की हे नेमके असते काय, तर आपण जरा अडखळतोच, नाही का?

आयर्लंड या लहानशा देशात राष्ट्राध्यक्ष याच पद्धतीने निवडतात, आणि तेही थेट जनतेच्या मतांनी. ज्यांच्या नेतृत्वाखाली हे पद निर्माण झाले आणि जे पुढे स्वतः दोनदा त्या पदावर निवडून आले, त्या एमन डी व्हॅलेरा यांचे आयुष्य आज पाहू. ते आपल्याच पेशातले, गणिताचे शिक्षक होते.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८८२ चा, न्यूयॉर्क शहरातला. आई आयरिश, वडील स्पॅनिश वंशाचे. वडील गेल्यावर दोन वर्षांच्या या मुलाला मामाबरोबर आयर्लंडला पाठवले गेले. लिमरिक परगण्यात ब्रुरी नावाच्या खेड्यात, एका मजुराच्या घरात, आजीने त्यांना वाढवले. मुलगा हुशार होता. शिष्यवृत्ती मिळवून १८९८ साली तो डब्लिनजवळच्या ब्लॅकरॉक कॉलेजात आला. पुढे पदवीचा अभ्यास करता करताच रॉकवेल कॉलेजात दोन वर्षे पूर्ण वेळ शिकवले. शिकवण्यात वेळ गेल्याने स्वतःच्या परीक्षेत मात्र हवे तसे यश मिळाले नाही (नोकरी करून परीक्षा दिलेल्यांना हे सांगायला नको). १९०६ पासून कॅरिसफर्ट इथल्या अध्यापिका विद्यालयात ते भावी शिक्षिकांना गणित शिकवू लागले. आयरिश भाषा शिकायला जिथे जात, तिथल्या शिक्षिका सिनेड फ्लॅनगन यांच्याशी १९१० च्या जानेवारीत त्यांचे लग्न झाले. म्हणजे घरात दोघेही शिक्षक.

१९१६ च्या ईस्टर उठावात हे मास्तर बंदूक घेऊन उतरले. उठाव मोडला गेला, त्यांना मृत्युदंड झाला आणि नंतर तो कमी करून जन्मठेप झाली. वर्षभराने सुटका झाली आणि लगेच जुलै १९१७ मध्ये पूर्व क्लेअरच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले. ५,०१० विरुद्ध २,०३५ मते. पहिलीच मोजणी आणि दुपटीहून जास्त मते! पुढच्या वर्षी पुन्हा तुरुंग. लिंकनच्या तुरुंगातून फेब्रुवारी १९१९ मध्ये ते निसटले. पाद्र्याच्या किल्लीचा ठसा मेणात घेऊन तिच्यासारखी किल्ली बाहेरून करवून घेतली होती. ही गोष्ट वर्गात सांगा, मुले कान टवकारून ऐकतात.

पण आपला विषय मोजणीचा आहे, आणि त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण मोजणी १९२२ ची. ब्रिटनबरोबरचा तह स्वीकारायचा की नाही यावर ७ जानेवारीला आयरिश संसदेत, म्हणजे डॉलमध्ये, मतदान झाले. तहाच्या बाजूने ६४, विरोधात ५७. डी व्हॅलेरा विरोधात होते. दोनच दिवसांनी त्यांना पुन्हा अध्यक्ष निवडावे का, यावर मते घेतली आणि ते ६० विरुद्ध ५८ असे हरले. जूनमधल्या निवडणुकीत लोकांनीही तहवाल्यांनाच जास्त जागा दिल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस यादवी युद्ध पेटले आणि डी व्हॅलेरा हरलेल्या बाजूच्या बंदुकांबरोबर गेले. भावाने भावावर गोळी झाडावी असे ते युद्ध होते. त्यांचे चरित्र कितीही आवडले तरी इथे त्यांची बाजू घेता येत नाही असे मला वाटते. मोजणी झाली होती आणि ते हरले होते, इतके ते सरळ होते.

त्या वर्षभरातली तीन माणसे लक्षात ठेवा, कारण त्यांच्या घरातली मुले पुढे याच मोजणीत येणार आहेत. केव्हिन ओहिगिन्स हे तहवाल्या सरकारातले मंत्री. त्यांच्या वडिलांना १९२३ मध्ये तहविरोधी बंदूकधाऱ्यांनी मारले, आणि १९२७ मध्ये खुद्द केव्हिन यांनाही. तिसरे अर्स्किन चाइल्डर्स. ते तहविरोधी होते, १९२२ च्या नोव्हेंबरात सरकारने त्यांना गोळ्या घालून मृत्युदंड दिला.

१९२३ मध्ये युद्ध थांबले. तीन वर्षांनी डी व्हॅलेरांनी फियाना फॉल हा पक्ष काढला आणि १९२७ च्या ऑगस्टमध्ये ते पक्षासह डॉलमध्ये जाऊन बसले. त्यासाठी ज्या शपथेला इतकी वर्षे विरोध केला, तिच्या वहीत सही करावी लागली. पुस्तक बाजूला सारून केलेली ती सही म्हणजे नुसती औपचारिकता, शपथ नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पटो न पटो, पण त्या दिवसापासून त्यांचे भांडण कागदावर आले. काही दिवसांतच सरकारविरुद्ध अविश्वास ठराव आला, ७१-७१ अशी बरोबरी झाली आणि सभापतींच्या एका मताने सरकार वाचले. जिंक्स नावाचा एक सदस्य ऐन वेळी सभागृहात नव्हता. डी व्हॅलेरांना सत्तेसाठी १९३२ पर्यंत थांबावे लागले. ते थांबले.

सत्तेवर आल्यावर त्यांनी नवी राज्यघटना केली. १ जुलै १९३७ ला तिच्यावर सार्वमत झाले : बाजूने ६,८५,१०५, विरोधात ५,२६,९४५. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना याच घटनेवरून घेतली आहे, हे नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांना ठाऊक असेलच. पसंतीक्रमाचे मतदान आयर्लंडमध्ये आधीपासून होते, ते या घटनेत पक्के झाले, आणि लोकांनी निवडायचा राष्ट्राध्यक्ष हे नवे पद आले.

आता मोजणी कशी होते ते एका खऱ्या उदाहरणाने बघा. १९३८ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड बिनविरोध आले. खरी लढत झाली ती १९४५ मध्ये. वैध मते १०,८६,३३८. जागा एकच, म्हणून कोटा म्हणजे निम्मी अधिक एक : ५,४३,१७०. पहिल्या फेरीत डी व्हॅलेरांच्या पक्षाचे शॉन ओकेली ५,३७,९६५, जनरल शॉन मॅकओन ३,३५,५३९ आणि मॅककार्टन २,१२,८३४. ओकेली दोन लाखांनी पुढे, तरी विजयी नाहीत! कोट्याला ५,२०५ मते कमी पडली. मग सर्वांत शेवटचे मॅककार्टन बाद. त्यांच्या मतपत्रिका पुन्हा उघडून ज्याच्या नावापुढे २ लिहिले आहे त्याच्या गठ्ठ्यात टाकल्या. मॅकओनना १,१७,८८६ गेल्या, ओकेलींना फक्त २७,२००, आणि ६७,७४८ मतपत्रिकांवर दुसरी पसंतीच नव्हती. ओकेली ५,६५,१६५ वर पोचून जिंकले. सातवीच्या वर्गाला फळ्यावर हे आकडे देऊन बेरीज जुळते का ते तपासायला लावा, जुळते. आणि मग विचारा : त्या ६७,७४८ जणांनी दोनचा आकडा लिहिला असता तर?

आपल्याकडे राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, पण मोजणी अशीच. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मोजणीनंतर निवडून आले. ते तरुणपणी कायदा शिकायला डब्लिनलाच होते, हा एक योगायोग.

१९५९ ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. डी व्हॅलेरा ७६ वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेलेली. पंतप्रधानपदावर असतानाच ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. समोर तेच मॅकओन, ज्यांनी १९२१ मध्ये तहाच्या ठरावाला अनुमोदन दिले होते. त्याच दिवशी, १७ जूनला, लोकांच्या हातात आणखी एक मतपत्रिका होती. पसंतीक्रमाची पद्धत बंद करून ब्रिटनसारखी साधी, सर्वाधिक मतांची पद्धत संसदेला आणावी, असा डी व्हॅलेरांच्या सरकारचा प्रस्ताव होता. ज्यांनी ती घटनेत घातली तेच ती काढायला निघाले, कारण साध्या पद्धतीत त्यांच्या मोठ्या पक्षाचा फायदा होता. मोजणी झाली. राष्ट्राध्यक्षपदासाठी डी व्हॅलेरा ५,३८,००३, मॅकओन ४,१७,५३६. आणि प्रस्ताव? बाजूने ४,५३,३२२, विरोधात ४,८६,९८९. लोकांनी माणूस ठेवला आणि त्याचा प्रस्ताव परत केला, एकाच दिवशी. डी व्हॅलेरा निमूटपणे राष्ट्राध्यक्ष भवनात राहायला गेले.

मग आले १९६६. ते ८३ वर्षांचे. एप्रिलमध्ये ईस्टर उठावाचा सुवर्णमहोत्सव झाला, सगळ्या समारंभांत हा वृद्ध सेनानी. निवडणूक १ जूनला. पदावर असल्याने त्यांनी प्रचार केला नाही, आणि पक्षाला वाटले होते की गरजही नाही. विरोधात उभे राहिले टॉम ओहिगिन्स, केव्हिन ओहिगिन्स यांचे पुतणे. म्हणजे ज्यांचे आजोबा आणि काका तहविरोधी गोळ्यांनी गेले, ते. जन्म नेमका १९१६ चा, वय ४९. ते देशभर फिरले आणि तरुणांना उद्याच्या आयर्लंडबद्दल सांगत राहिले.

आयर्लंडमधल्या मोजणीची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. पेट्या उघडून मतपत्रिका उलगडत असताना पक्षांचे कार्यकर्ते कठड्यापलीकडून पहिली पसंती वाचत कागदावर रेघा ओढत जातात. याला टॅली म्हणतात. अधिकृत आकडा यायच्या कितीतरी आधी त्यांना अंदाज आलेला असतो. एका मतदारसंघाची पेटी एक सांगते, दुसऱ्याची दुसरे. १९६६ मध्ये उमेदवार दोनच असल्याने फेरी एकच होती, दुसऱ्या पसंतीचा आधार कोणालाच नव्हता. राजधानी डब्लिनने डी व्हॅलेरांना मागे टाकले. खेड्यापाड्यांतल्या, विशेषतः पश्चिमेकडच्या मतांनी त्यांना तारले. शेवटचे आकडे : डी व्हॅलेरा ५,५८,८६१, ओहिगिन्स ५,४८,१४४. फरक १०,७१७. अकरा लाखांहून अधिक मतांत ५,३५९ जणांनी मत बदलले असते तर निकाल उलटा लागला असता. भागाकार मुलांकडून करून घ्या.

त्या आकड्यांवरून कोणी बंदूक काढली नाही. ओहिगिन्स हरले आणि घरी गेले. १९२२ मध्ये सात मतांचा फरक न मानणाऱ्या माणसाला आता एका टक्क्याहूनही कमी फरकाने खुर्ची मिळाली होती, आणि ती मानणाऱ्यांत त्या घरातला मुलगा होता. मला वाटते, या दोन मोजण्यांच्या मधल्या ४४ वर्षांत आयर्लंड शिकला तो धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात मावणार नाही.

डी व्हॅलेरा १९७३ पर्यंत पदावर होते, ९० वर्षांचे होईपर्यंत. त्या वर्षी ओहिगिन्स पुन्हा उभे राहिले. समोर होते अर्स्किन चाइल्डर्स, मृत्युदंड झालेल्या चाइल्डर्सचे त्याच नावाचे चिरंजीव. याही वेळी ओहिगिन्स थोडक्यात हरले, आणि पुढच्या वर्षी ते देशाचे सरन्यायाधीश झाले.

डी व्हॅलेरा आणि सिनेडबाई ब्लॅकरॉकमधल्या एका शुश्रूषागृहात राहायला गेले, शिष्यवृत्ती घेऊन तो मुलगा ज्या गावी आला होता तिथेच. सिनेडबाई १९७५ च्या जानेवारीत गेल्या, लग्नाला ६५ वर्षे पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी. त्याच वर्षी २९ ऑगस्टला डी व्हॅलेराही गेले.